फोर्कचं सील गळतंय? पाना उचलायच्या आधी पाइपवरून नख फिरवा

पावसाळ्यात ठाण्याच्या घोडबंदर रोडवरून रोज ये-जा करणाऱ्याला हे चित्र ओळखीचं असेल. सकाळी सोसायटीच्या पार्किंगमधून मोटरसायकल काढताना पुढच्या एका फोर्कवर, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन पायांपैकी एकावर, काळपट ओलं कडं दिसतं. बोट लावलं की तेलकट लागतं. चार दिवसांनी तेच तेल ओघळून डिस्कच्या कॅलिपरजवळ, म्हणजे ब्रेकचे पॅड धरणाऱ्या भागाजवळ, पोचलेलं असतं. गॅरेजवाला लांबूनच सांगतो, "सील गेलंय, बदलून टाकू."

माझ्या गाडीची सीलं एकाच पावसाळ्यात दोनदा बदलली गेली आणि दोन्ही वेळा दोन-तीन आठवड्यांत तेल पुन्हा बाहेर आलं. तिसऱ्यांदा कळव्यातल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी सामानाची पेटीसुद्धा उघडली नाही. ओल्या चिंधीने पाइप पुसला आणि अंगठ्याचं नख वरून खाली हळूहळू फिरवलं. एका जागी नख अडकलं. "बाळा, सील चांगलंच होतं. हा गंजाचा टोचा त्याला रोज कापतोय." मोहरीच्या दाण्याहून लहान खड्डा होता तो. आधीच्या दोन्ही वेळी तिकडे कुणीच बघितलं नव्हतं, मीही नाही.

म्हणून पहिल्यांदाच हे काम करू किंवा करवून घेऊ पाहणाऱ्याला मी आधी हेच सांगतो: सील बदलणं अवघड नाही, ते का गेलं हे शोधणं महत्त्वाचं. काम स्वतः करायचं की जाणकाराला द्यायचं, हेही त्या उत्तरावरच ठरतं.

फोर्कच्या आत काय चालतं

टेलिस्कोपिक फोर्कच्या प्रत्येक पायात दोन नळ्या असतात. वरची क्रोमचा मुलामा दिलेली पोलादी नळी म्हणजे फोर्क पाइप. खालची ॲल्युमिनियमची, चाकाचा एक्सल धरणारी, तिला गॅरेजमध्ये बॉटम म्हणतात. पाइप बॉटममध्ये खाली-वर सरकतो. आत स्प्रिंग आणि तेल असतं. खड्ड्याचा धक्का स्प्रिंग घेते, पण दबलेली स्प्रिंग उसळून गाडीला नाचवू नये हे काम तेलाचं. ते बारीक भोकांतून जबरदस्तीने ढकललं जातं, आणि त्या विरोधामुळे उसळी मंदावते. तेल कमी झालं की ब्रेक मारताच गाडी नाक खाली घालते आणि खड्ड्यातून निघाल्यावर दोन-तीन वेळा डुलते.

हे तेल अडवायला बॉटमच्या तोंडाशी रबरी ऑइल सील बसवलेलं असतं. त्यावर तारेचं लॉक, म्हणजे सर्क्लिप, आणि सगळ्यात वर डस्ट सील. ऑइल सीलचा आतला ओठ एका बारीक गोल स्प्रिंगने पाइपवर आवळलेला असतो. प्रत्येक खड्ड्यात हा ओठ क्रोमवरून घासत जातो. दोघांच्या मध्ये वाळूचा कण, सुकलेला चिखल किंवा गंजाचा फोड आला, की ओठ कापला जातो.

आपल्याकडे या तिन्ही गोष्टी मुबलक आहेत. मेट्रोच्या आणि पुलांच्या कामाची धूळ, मिक्सर ट्रकमधून सांडून रस्त्यावर वाळलेली सिमेंटची राड, आणि खाडीकाठची खारट दमट हवा. ऐरोली, वाशी, कळवा, कोलशेत अशा खाडीजवळच्या भागात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीच्या क्रोमवर गंजाचे ठिपके लवकर धरतात. स्कूटरवाल्यांनीही लक्ष द्यावं. २०२० साली आलेल्या ॲक्टिव्हा सिक्स जीपासून त्या गाडीलाही पुढे टेलिस्कोपिक फोर्क आहे.

तपासणी: वीस मिनिटं, एक चिंधी, एक जुना एक्स-रे

दोन्ही पाइप स्वच्छ पुसा. गाडी सपाट जागी उभी करून पुढचा ब्रेक धरा आणि हँडल जोर लावून दहा-बारा वेळा खाली दाबा. आता पाइप बघा. धुळीची कोरडी रेघ असेल तर ठीक. तेलाचं ओलं कडं उमटलं तर गळती आहे. तेल डिस्कवर किंवा ब्रेक पॅडवर पोचलेलं दिसलं, तर गाडी चालवत कुठेही जाऊ नका. तेलाने माखलेला पॅड डिस्कला धरत नाही. माजिवड्याच्या उतारावर हे कळून उपयोग नाही.

कडं दिसलं तरी लगेच सील घ्यायला धावू नका. पुष्कळदा सील फाटलेलं नसतं, ओठाखाली फक्त कचरा अडकलेला असतो. डस्ट सील पातळ स्क्रू ड्रायव्हरने अलगद उचकून वर सरकवा. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर क्रोमवर तुम्हीच ओरखडा पाडाल. आतली माती पुसा. मग जुन्या एक्स-रेची किंवा तशाच लवचीक प्लास्टिकची दोन बोटं रुंद पट्टी कापा, टोकाला छोटा आकडा ठेवा. ती पाइप आणि ऑइल सील यांच्यामध्ये हळूच सरकवून पूर्ण गोल फिरवा आणि आकड्याने कचरा वर ओढा. दोन-तीनदा असं केल्यावर पट्टीवर काळा चिकट मळ येतो. पुसून पुन्हा फोर्क दाबून बघा. दोन दिवस गाडी वापरून पाइप कोरडा राहिला, तर काम झालं. एकही रुपया लागला नाही.

तरीही गळत असेल तर नख. डस्ट सीलपासून वर वीतभर अंतरात पाइपचा सगळा घेर तपासा, समोरची बाजू तर दोनदा. पुढच्या गाडीच्या चाकाखालून उडणारे खडे तिथेच लागतात. मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की ठिपका चमकून दिसतो. नखाला कळणारी जागा ओठाला शंभर पटीने कळते असं समजा.

आता तीन शक्यता. पाइप पूर्ण गुळगुळीत असेल, तर सील वयाने किंवा कचऱ्याने गेलं. नवं सील टिकेल. एखादाच खड्याचा टोचा असेल, त्याची कड वर आलेली असेल, तर ती कड बाराशे नंबरच्या वॉटर पेपरने तेल लावून उतरवता येते. पेपर पाइपच्या घेरात आडवा फिरवायचा, लांबीत उभा कधीच नाही. उभ्या रेघा म्हणजे तेलाला बाहेर यायला पन्हळ. टोचा खोल असेल तर त्यात इपॉक्सीचा बारीक थेंब भरून, पूर्ण सुकल्यावर तो क्रोमच्या पातळीत घासून घेतात. हा तात्पुरता उपाय आहे, पण नीट केला तर बरेच दिवस जातात.

तिसरी शक्यता, सीलच्या फिरण्याच्या पट्ट्यात गंजाचे अनेक खड्डे किंवा क्रोमची सालं. तिथे नवं सील घालणं म्हणजे पैसे पाण्यात. पाइप बदला. साध्या गाड्यांचे पाइप सुटे मिळतात. महाग किंवा जुन्या, सुटा पाइप न मिळणाऱ्या गाडीसाठी हार्ड क्रोम करून ग्राइंडिंग करवून घेणं हा मार्ग आहे. अशी इंजिनीअरिंगची कामं करणारे वागळे इस्टेटमध्ये आणि तुर्भे-महापे-रबाळेच्या एमआयडीसी पट्ट्यात चौकशी केल्यावर सापडतात. पण मुलामा दिल्यावर पाइपचा बाहेरचा व्यास मूळ मापावर आणून देणार का, हे आधी विचारा. नुसता चकचकीत मुलामा सीलच्या कामाचा नाही.

गाडी कधी समोरून धडकली असेल तर पाइप वाकलेला असू शकतो. खोलल्यावर तो सपाट काचेवर लोळवून बघा, खाली फट दिसली की वाकला. वाकलेला पाइप दाबून सरळ करून देतो म्हणणारे भेटतील. पुढचं चाक ज्याच्यावर उभं आहे त्या भागाबाबत मी हा धोका पत्करणार नाही.

स्वतः की जाणकार

साधी १०० ते १६० सीसीची गाडी, डबल स्टँड, पाइप गुळगुळीत, आणि चाक काढून पंक्चर काढल्याचा थोडा अनुभव असेल, तर एक रविवार काढा आणि स्वतः करा. पहिल्या वेळी चार-पाच तास लागतील.

फोर्क उलटा असेल, म्हणजे जाड नळी वर आणि क्रोमची खाली, जसा केटीएम ड्यूकला असतो, तर पहिलं काम म्हणून तो उघडू नका. त्यात आत कार्ट्रिज असतं, स्प्रिंग दाबून धरायला वेगळी अवजारं लागतात, आणि सील चाकाजवळ असल्याने गळती थेट ब्रेकवर येते. ते सस्पेन्शनचं काम करणाऱ्याकडेच द्या. पाइप वाकलेला असेल, हँडलचा कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग, खडखडत असेल किंवा गाडीला डबल स्टँड नसून पुढचा भाग पक्का उचलून ठेवायची सोय नसेल, तरीही हेच. इंजिनखाली विटा रचून केलेलं काम मी पाहिलं आहे. गाडी कलंडली की माणूस खाली सापडतो.

सामान

सील नेहमी दोन्ही पायांचं एकदम बदला, डस्ट सीलसकट. जुन्या सीलवर माप कोरलेलं असतं, उदाहरणार्थ ३७ × ५० × ११. पहिला आकडा पाइपचा व्यास, दुसरा बाहेरचा व्यास, तिसरा जाडी, सगळं मिलिमीटरमध्ये. तरी दुकानात गाडीचं मॉडेल आणि साल सांगूनच घ्या. एकाच नावाच्या गाडीचा फोर्क मध्येच बदललेला असतो. तळाच्या बोल्टचे तांब्याचे नवे वॉशर दोन घ्या. हे विसरल्याने काम पुन्हा खोलावं लागतं.

तेल फोर्कचंच, आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं. उरलेलं इंजिन ऑइल ओतायची सवय अनेक ठिकाणी आहे. त्याचा दाटपणा वेगळा, आणि सतत घुसळलं गेल्यावर फेस न धरण्यासाठी ते बनवलेलं नसतं. फेसाळलेलं तेल धक्का आवरत नाही. मापाचंही तेच. छोट्या गाड्यांना एका पायाला साधारण १५० ते २०० मिली लागतं, पण तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. औषधाच्या दुकानातली मोठी सिरिंज मापाला उत्तम.

याशिवाय ॲलन कीचा लांब सेट, बॉक्स पाने, रबरी हातोडी, डोळ्यांना चष्मा, आणि पाइपच्या व्यासापेक्षा किंचित मोठा पीव्हीसी नळाचा तुकडा. हा तुकडा सील ठोकून बसवायला लागतो.

खोलणं

सोसायटीच्या पार्किंगमध्ये करणार असाल तर आधी विचारून ठेवा आणि खाली जाड पुठ्ठा अंथरा. एका वेळी एकच पाय उघडा. दुसरा तसाच राहिला की काही विसरलं तर त्याच्याकडे बघता येतं.

चाक जमिनीवर असतानाच एक्सलचा नट ढिला करा. मग डबल स्टँड, इंजिनखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅक, कॅलिपर सोडून दोरीने हँडलला बांधा. ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत ठेवू नका. पॅडच्या मध्ये लाकडाची चीप घाला, कुणी चुकून ब्रेक दाबला तर पिस्टन बाहेर येणार नाही. चाक, मडगार्ड काढा.

आता घाई करू नका. पाय गाडीतून उतरवायच्या आधी दोन गोष्टी ढिल्या करायच्या असतात, आणि नवखा माणूस नेमका इथे चुकतो. पहिली, वरचं झाकण. फोर्कचे दोन्ही पाय धरणाऱ्या वरच्या-खालच्या आडव्या पट्ट्यांना टी म्हणतात. वरच्या टीचा आवळणारा बोल्ट सैल करा, मगच झाकण एक-दोन आटे फिरवा. टी आवळलेली असताना झाकण फिरवलं तर आटे खराब होतात. दुसरी, बॉटमच्या तळातला ॲलन बोल्ट. हा आतल्या डँपर रॉडला, म्हणजे तेल ज्याच्या भोकांतून जातं त्या नळीला, धरतो. पाय सुटा करून, स्प्रिंग काढून तो उघडायला गेलात तर रॉडही त्याच्याबरोबर गोल फिरत बसतो. स्प्रिंग आत असते तेव्हा ती रॉडला दाबून धरते, म्हणून आत्ताच, कुणाला तरी बॉटम वर दाबून धरायला सांगून, एक झटका देऊन तो ढिला करून ठेवा. फक्त ढिला करायचा, काढायचा नाही, नाहीतर तेल खाली येईल. तरीही फिरत राहिला, तर नंतर झाडूच्या लाकडी दांड्याचं टोक तासून वरून रॉडमध्ये घट्ट रोवतात आणि धरून ठेवतात. नाहीतर कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये इंपॅक्ट गनने एका सेकंदात सुटतो. त्यासाठी सुटा पाय घेऊन जायला संकोच नको.

पाइप वरच्या टीच्या किती वर आहे ते मोजून मोबाइलमध्ये फोटो घ्या. खालच्या टीचे बोल्ट ढिले करून पाय पिळत खाली ओढा. झाकण पूर्ण उघडताना चेहरा बाजूला, चष्मा डोळ्यांवर आणि हात झाकणावर दाबून. स्प्रिंग ते उडवते. स्प्रिंगचे दाट वेढे वर होते की खाली, याचाही फोटो घ्या. तेल डब्यात ओतून पाइप चार-पाच वेळा खाली-वर करा.

तळाचा बोल्ट काढा, डस्ट सील आणि लॉक काढा. पाइपवर सुटा बुश, म्हणजे पाइपला सरळ सरकवणारं कडं, असणाऱ्या फोर्कमध्ये पाइप हातोड्यासारखा झटके देऊन बाहेर ओढला की सील त्याच्यासोबतच येतं. बुश नसलेल्या छोट्या फोर्कमध्ये पाइप सहज निघतो आणि सील बॉटममध्येच राहतं. कडेला कापडाची घडी ठेवून टायर लिव्हरने ते उचकायचं. अडलं तर बॉटमवर बाहेरून उकळतं पाणी ओता, ॲल्युमिनियम फुगतं आणि पकड सुटते. सील बसतं त्या भिंतीला ओरखडा पडू देऊ नका. सगळे भाग डिझेलने धुऊन, पुसून, कोरडे करा. तळाशी राखाडी गाळ निघाला तर घाबरू नका, वर्षानुवर्षं तेल न बदललेल्या फोर्कमध्ये तो असतोच.

नवं सील बसवणं

डँपर रॉड आणि पाइप बॉटममध्ये परत घाला, तळाचा बोल्ट नव्या तांब्याच्या वॉशरसह आवळा. पाइपच्या वरच्या तोंडाला धार असते. नव्या सीलचा ओठ त्यावरून सरकवताना कापला गेला तर सगळी मेहनत फुकट. म्हणून तोंडावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवा, वरून फोर्क ऑइल चोपडा, सीलच्या ओठालाही तेल लावा आणि पिळत पिळत खाली आणा. आकडे कोरलेली बाजू वर, बारीक स्प्रिंग दिसणारी बाजू खाली तेलाकडे.

सील बॉटमच्या तोंडाशी सरळ टेकलं की त्यावर जुनं सील ठेवा, आणि त्यावर पीव्हीसीचा तुकडा. चारही बाजूंनी सारखे, हलके ठोके द्या. तिरकं गेलेलं दिसलं तर थांबा, काढा, पुन्हा सुरू करा. बसत आलं की ठोक्याचा आवाज बदलतो, पोकळ होता तो भरीव होतो. पण आवाजावर विसंबू नका, डोळ्यांनी बघा: लॉक बसायची खाच पूर्ण घेरात उघडी दिसली पाहिजे. एका बाजूला दिसते आणि एका बाजूला नाही म्हणजे सील तिरकं आहे. लॉक बसवा, डस्ट सील दाबा.

मोजलेलं तेल ओता. स्प्रिंग न घालता पाइप दहा वेळा सावकाश खाली-वर करा, हवा निघून जाते. मॅन्युअलमध्ये तेलाची पातळी दिली असेल तर पाइप पूर्ण खाली दाबून, तोंडापासून तेलापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. दोन्ही पायांत ते अगदी सारखं हवं. स्प्रिंग, झाकण, मग पाय टीमध्ये आधीच्याच उंचीवर.

चाक बसवल्यावर एक्सल आवळा, पण खाली एक्सलला पकडणारा बारका बोल्ट असेल तर तो शेवटी. त्याआधी गाडी स्टँडवरून उतरवून ब्रेक धरून फोर्क पाच-सहा वेळा दाबा, म्हणजे दोन्ही पाय आपापल्या सरळ रेषेत येतात. डिस्क ब्रेक क्लीनरने पुसा. तेल प्यायलेले पॅड नवे घाला, जाळून किंवा घासून वाचवू नका. आणि गाडी हलवायच्या आधी पुढचा ब्रेक घट्ट लागेपर्यंत दाबत राहा. पहिले दोन-तीन दाब रिकामे जातात.

करून घेत असाल तर

तिथे थांबता येईल अशा वेळी गाडी न्या. तीन प्रश्न विचारा: दादा, पाइप नखाने बघितला का? तेल कुठल्या ग्रेडचं आणि किती मिली घालणार? तांब्याचा वॉशर नवा टाकणार ना? चांगला मिस्त्री या प्रश्नांनी चिडत नाही, उलट पाइप तुमच्या हातात देऊन दाखवतो. जुनी सीलं परत मागून घ्या. ओठ एकाच जागी कापलेला असेल तर दोष पाइपचा, सगळीकडून कडक होऊन भेगाळला असेल तर वय झालं होतं. पाय गाडीवर ठेवूनच वरून सील बदलून देतो म्हणणाऱ्याला नम्रपणे नको म्हणा. पूर्ण फोर्कच नवा घ्या असं कुणी सुचवलं, तर कारण पाइपवर बोट ठेवून दाखवायला सांगा.

जुनं तेल आणि पहिला आठवडा

निघालेलं तेल पार्किंगच्या जाळीत ओतू नका. आपल्या गटारांचं पाणी शेवटी ठाणे खाडीत जातं. २०१५ मध्ये तिथे रोहितपक्ष्यांचं अभयारण्य जाहीर झालं आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. तेल बाटलीत भरून गॅरेजमध्ये द्या, ते जळकं तेल गोळा करणाऱ्याकडे जमा करतात.

पहिली चक्कर हळू, स्पीड ब्रेकर असलेल्या आतल्या रस्त्यावर मारा. उपवन तलावाचा फेरा किंवा तुमच्या नोडमधला सेक्टरचा रस्ता पुरतो. सीलला लावलेल्या तेलाचं पातळ कडं पहिल्या दिवशी दिसेल, ते पुसा. दुसऱ्या दिवशीही ओलं दिसलं तर सील तिरकं आहे किंवा ओठ कापलाय. पन्नासेक किलोमीटरनंतर एक्सल, कॅलिपर आणि टीचे बोल्ट पान्याने पुन्हा तपासा. पुढे पावसाळाभर गाडी चिखलातून आणली की रात्रीच पाइपवरून ओली चिंधी फिरवा आणि ती फिरवताना नखही.